चालू आहे, मग बदलायचा कशाला? रोझमाउंट ३०५१ ट्रान्समीटर, दोन उन्हाळ्यांनंतर

मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. भुसावळात आयटीआय केलं आणि पुढची ३१ वर्षं बॉयलर-टर्बाइनवरच्या मीटरांत गेली. त्यातले दोन शटडाऊन (दुरुस्तीसाठी संयंत्र बंद ठेवतात तो काळ) एका अणुवीज केंद्रात, कंत्राटदाराच्या माणसांबरोबर काढले. आता सावद्याजवळच्या एका कारखान्याचा बॉयलर बघतो. तिथल्या ड्रम लेव्हलचा, म्हणजे बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी दाबातल्या फरकावरून मोजून तिचा विजेचा सिग्नल पुढे पाठवणारा, जुना ट्रान्समीटर मी उतरवला आणि त्या जागी रोझमाउंट कंपनीचा ३०५१ बसवला. त्याने दोन उन्हाळे आणि मधला पावसाळा काढला, म्हणून आता त्याच्याविषयी लिहितो.

बदलायचं ठरलं तेव्हा कारखान्याचे शेठ म्हणाले होते, "काका, तो चालू आहे ना? मग बदलायचा कशाला?"

प्रश्न चुकीचा नव्हता. जुना २२ वर्षांचा होता (कंपनीचं नाव लिहीत नाही) आणि आकडा बरोबर दाखवत होता. गेज ग्लासशी (ड्रमची पातळी डोळ्यांनी दिसते ती काचेची नळी) त्याचा मेळ बसायचा. पण एकदा त्याला मॅनिफोल्डपासून (नळ्या जिथे जोडतात तो व्हॉल्व्हचा ठोकळा) सोडवून बेंचवर घेतलं, हातपंप थेट जोडला आणि दाब हळूहळू चढवण्याऐवजी एकदम दिला. आउटपुट जागेवर यायला नऊ-दहा सेकंद लागले. पूर्वी डोळ्याचं पातं लवायच्या आत यायचं. पाइपात कचरा किंवा हवा असेल म्हणावं, तर पाइप जोडलेलेच नव्हते. दोष आतच होता.

पाच टप्प्यांच्या कॅलिब्रेशनमध्ये (ठरावीक दाब देऊन आकडा ताडून बघणं) हे कधीच सापडलं नसतं. शून्य, पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, शंभर टक्के. प्रत्येक टप्प्यावर आपण आउटपुट स्थिर होण्याची वाट बघतो आणि मग आकडा लिहितो. कागद स्वच्छ येतो. असे कितीतरी कागद मी स्वतः सही करून दिले आहेत. त्या दिवशी मला झोप लागली नाही.

अशा ट्रान्समीटरच्या पोटात काय असतं ते सांगतो. मधोमध एक पातळ पत्रा, तो डायफ्राम. त्याच्या दोन्ही बाजूंना धातूच्या प्लेटा. पत्रा फार तर कागदाच्या जाडीएवढा सरकतो, पण त्याने दोन्हीकडची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलते आणि तिचाच पुढे ४ ते २० मिलीअँपिअरचा सिग्नल होतो. पाणी-वाफ त्या पत्र्याला थेट लागत नाही. बाहेर वेगळे डायफ्राम असतात आणि मधली जागा सिलिकॉन तेलाने भरलेली असते. बाहेरचा दाब ते तेलच आत पोचवतं. रोझमाउंटने या धर्तीचा ११५१ काढला १९६९ साली, आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या वीज देऊ लागल्या त्याच वर्षी. त्या घराण्यातले ११५३ आणि ११५४ खास अणुकेंद्रांसाठी बनवले गेले.

आता ऐका. अमेरिकेत मिलस्टोनच्या तिसऱ्या अणुभट्टीत १९८६-८७ मध्ये ११५३ मालिकेतले पाच ट्रान्समीटर बिघडले. उघडून बघितल्यावर कळलं की सेन्सरमधलं तेल काच आणि धातूच्या सांध्यातून थेंबाथेंबाने निघून गेलं होतं. तेल कमी झालं की सुरुवातीला आकडा बिघडत नाही. दाब स्थिर असेपर्यंत तो बरोबरच दाखवतो. फक्त प्रतिसाद मंदावतो, हळूहळू ड्रिफ्ट, म्हणजे आकडा सरकणं, सुरू होतं आणि शेवटी पूर्ण रेंजभर तो पोचतच नाही. मार्च १९९० मध्ये तिथल्या अणुनियामक आयोगाने बुलेटिन ९०-०१ काढून सगळ्या केंद्रांना असे ट्रान्समीटर शोधायला लावले. ११ जुलै १९८९ च्या आधी बनलेल्यांवर संशय होता. त्यानंतर बनवण्याची पद्धत सुधारली. कोणता आधी तपासायचा हे ठरवताना त्याने किती दाब किती महिने सोसला याचा गुणाकार केला जायचा. माणसाने किती ओझं किती वर्षं वाहिलं हे बघून त्याची कंबर तपासावी, तसं.

त्या प्रकरणातली एक गोष्ट मी पोरांना नेहमी सांगतो. चालू पाण्याचा दाब कधीच सरळ रेघ नसतो, त्यात बारीक थरथर असते. निरोगी ट्रान्समीटर ती थरथर दाखवतो. तेल गेलेल्याची रेघ शांत होत जाते. नवशिक्याला ती शांत रेघ आवडते. केंद्रातले जाणते लोक मात्र त्या थरथरीचंच गणित करून, ट्रान्समीटरला हात न लावता, तो किती जिवंत आहे ते ओळखतात. हे मला आधी माहीत असतं तर आमच्या चार्टवर दोन वर्षं आधीच सापडलं असतं. रेघ गुळगुळीत होत गेलेली मी बघितली होती आणि चांगलं वाटून घेतलं होतं.

आता ३०५१ विषयी. हे मॉडेल नवं म्हणावं असं नाही, १९८८ पासून आहे, पण सुधारत आलंय. पारंपरिक फ्लँजचा मागवला की नळ्यांच्या मधलं ५४ मिलिमीटरचं अंतर तेच येतं, त्यामुळे आमच्या जुन्या तीन व्हॉल्व्हच्या मॅनिफोल्डवर तो एकही पाइप न वाकवता बसला. वजन जुन्यापेक्षा कमी आहे. जुन्या अॅनालॉग जातीत झिरो (खालचं टोक) फिरवला की स्पॅन (खालपासून वरपर्यंतची मजल) हलायचा, स्पॅन फिरवला की झिरो, आणि या दोघांच्या मागे अर्धा दिवस जायचा. हा स्मार्ट, म्हणजे आत चिप आणि सॉफ्टवेअर असलेला. इथे कम्युनिकेटर (ट्रान्समीटरशी बोलणारं हातातलं यंत्र) लावा, आकडा द्या, झालं. जुन्यांची रेंज (मोजायची कमाल मर्यादा) सहापट आवळता यायची, याची शंभरपट, म्हणून एकच स्पेअर तीन ठिकाणी चालतो. इलेक्ट्रॉनिक्सला ८५ अंशांपर्यंत परवानगी आहे. आमच्याकडे बाहेर ४६ अंश असताना ड्रमच्या मजल्यावर लोखंडी कठड्याला हात लावता येत नाही, तरी दोन उन्हाळ्यांत झिरो हललेला नाही. दर तीन महिन्यांनी तपासून वहीत लिहिलं आहे.

दोन गोष्टी बसवणाऱ्याने लक्षात ठेवाव्यात. कम्युनिकेटरने बोलायचं तर लूपमध्ये (ट्रान्समीटर ते पॅनेल हे विजेचं सर्किट) किमान २५० ओहम रोध लागतो. जुन्या पॅनेलमध्ये तेवढा नसला की लोक ट्रान्समीटरलाच खराब ठरवतात. दुसरी जास्त महत्त्वाची: डॅम्पिंग, म्हणजे आकडा नाचू नये म्हणून प्रतिसाद मुद्दाम मंद करणारी सेटिंग. आकडा फार नाचतो म्हणून कोणी तरी डॅम्पिंग वाढवून ठेवतं आणि अगदी नवाकोरा ट्रान्समीटर त्या तेल गेलेल्या म्हाताऱ्यासारखा मंद होतो. मी आमच्याकडे डॅम्पिंगचा आकडा रंगाने ट्रान्समीटरशेजारी लिहून ठेवला आहे. बदलायचा तर मला विचारून.

याचा अर्थ हाच उचलून अणुकेंद्रात लावायचा, असं मुळीच नाही. अणुकेंद्राच्या सुरक्षेच्या लूपमध्ये जाणाऱ्या मॉडेलला आधी भट्टीत ठेवून मुद्दाम म्हातारा करतात, गॅमा किरणांखाली ठेवतात, भूकंपाच्या टेबलावर हलवतात आणि मग त्याच म्हाताऱ्या, भाजलेल्या, हादरलेल्या नमुन्यावर अपघातातल्यासारखी गरम वाफ सोडतात. एवढं होऊनही त्याने खरं सांगितलं तर तो पास. त्याचं आयुष्यही मोजून दिलेलं असतं. साधारण नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की रबर-प्लास्टिक-इलेक्ट्रॉनिक्सचं वय निम्मं होतं. म्हणून ते वय संपलं की चालू असलेलाही उतरवतात. किंमत साध्याच्या कितीतरी पट असते आणि ती त्या पुराव्याची असते.

शटडाऊनमध्ये मी स्वतः असे बदलले आहेत. छातीवर टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा), हातात परमिट, आणि एका वेळी एकाच चॅनेलला (मोजणीची एक स्वतंत्र साखळी) हात. दाब मोजणारे तीन असतात आणि तिघांतल्या दोघांचं एकमत झालं की अणुभट्टी आपोआप बंद होते. नवा बसवताना ओ-रिंग नवीच, झाकणाचं टॉर्क मोजून, प्रत्येक नटावर दुसऱ्या माणसाची सही. आमच्या बॉयलरवर अर्ध्या तासाचं काम तिथे पूर्ण शिफ्ट खातं. सुरुवातीला मला ते जड गेलं. नंतर आमच्याही कारखान्यात मी दुसरी सही सुरू केली.

स्मार्ट ट्रान्समीटरबद्दल तिथले लोक सावध असतात, त्याचंही कारण याच तिघांत आहे. तिन्ही चॅनेलमध्ये एकाच सॉफ्टवेअरचा ट्रान्समीटर लावला आणि त्या सॉफ्टवेअरमध्येच चूक निघाली, तर तिघे एकाच वेळी तेच चुकीचं बोलणार. मग तिघांतल्या दोघांचं एकमत कशाला चाटायचं? शिवाय किरणोत्सर्ग जास्त असतो तिथे चिप टिकत नाही. म्हणून अशा जागी साधं अॅनालॉग सर्किट अजूनही मान राखून आहे.

आणि ट्रान्समीटर कितीही नवा असो, त्याच्याकडे येणारी नळी खरी हवी. ड्रम लेव्हलला एका बाजूला पाण्याने भरलेला संदर्भाचा उभा पाइप असतो, वेट लेग. ते पाणी उडून गेलं की ड्रम रिकामा होत असतानाही लेव्हल चढलेली दिसते. ११ मार्च २०११ ला त्सुनामीनंतर फुकुशिमा दाईइचीच्या १ नंबरच्या अणुभट्टीत असंच झालं. उष्णतेने संदर्भाच्या नळीतलं पाणी गेलं आणि त्या रात्री लेव्हलचं उपकरण पाणी इंधनाच्या वर असल्याचं दाखवत होतं. मे महिन्यात कामगार आत शिरले, ते उपकरण कॅलिब्रेट केलं, तेव्हा पाणी इंधनाच्या वरच्या टोकापासून ५ मीटरपेक्षाही खाली असल्याचं कळलं. त्या इमारतीत हातात पंप घेऊन गेलेले ते लोक आमच्याच धंद्यातले. त्यांची आठवण मला दर वेळी येते. म्हणून मॅनिफोल्डवर इक्वलायझर (दोन्ही बाजू एकमेकींना जोडणारा व्हॉल्व्ह) उघडा असताना दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह उघडे राहू देत नाही. तसं झालं की वेट लेग वाहून जातो. नवा बसवल्यावर कंडेन्सेट पॉटमधून (वेट लेगच्या वरचं, वाफेचं पाणी जमणारं भांडं) पाणी भरून हवा काढल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

खान्देशातल्या माणसाने अणुकेंद्राची काळजी का करावी असं कोणी म्हणेल. तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की तेच पाणी भुसावळवरून प्रकाशा, उकाई करत गुजरातमधल्या काकरापारला जातं. तिथे २२० मेगावॉटच्या दोन आणि ७०० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या तापीकाठीच आहेत. माझा भाचा तिकडच्या शटडाऊनला जातो. त्याने फोनवर विचारलं, "मामा, चांगले चालणारे मीटर काढून फेकतात, पैशाची नासाडी नाही का?" त्याला मी सुट्टीत घरी बोलावलं, जुना ट्रान्समीटर हातपंपाला जोडून दिला आणि घड्याळ बघायला सांगितलं.

खरेदीबद्दल एवढंच. एका विक्रेत्याने मला तोच मॉडेल नंबर निम्म्या भावात देऊ केला होता. नेमप्लेट नवी होती, पण स्क्रूंवर पान्याचे ओरखडे होते आणि कॅलिब्रेशनच्या कागदावरचा सीरियल नंबर जुळत नव्हता. मी परत केला. अधिकृत मार्गानेच घ्या, सीरियल नंबर कागदाशी ताडून बघा, आणि दिलेल्या कागदावर समाधान न मानता बेंचवर एकदम दाब देऊन घड्याळ लावा. मी माझ्या ३०५१ चं हे दर सहा महिन्यांनी करतो. पहिल्या दिवशीची वेळ आणि परवाची वेळ सारखीच आली.

शेठने आता स्टीम हेडरच्या (वाफेचा मुख्य पाइप) ट्रान्समीटरची ऑर्डर दिली आहे. पोळ्याला बॉयलर दोन दिवस थंड असतो, तेव्हा बसवू. भाचा येतो म्हणाला आहे, दुसरी सही त्याची.