डिस्नेलँडसाठी घेतलेली घडीची स्ट्रोलर : वापरानंतरचा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमचं डिस्नेलँड लहान मुलांना घेऊन करायचं असेल, तर तिकिटांच्या खालोखाल विचार स्ट्रोलरचा, म्हणजे मुलाला बसवून ढकलायच्या गाडीचा करा. आमच्याकडे वर्षाचा पास आहे, त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात घेतलेल्या या गाडीची चांगलीच परीक्षा झाली आहे. मुलगी सहाची, मुलगा साडेतीनचा. "एवढा पळता मुलगा, त्याला गाडी कशाला?" असं पुण्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या होत्या. दुपारी पार्काच्या फॅन्टसीलँड या भागात त्याने भर रस्त्यात फतकल मारली, तेव्हा "आण गं ती गाडी" त्यांनीच म्हटलं.

घेताना माप आधी बघा. २०१९ पासून तिथे ३१ इंचांहून रुंद किंवा ५२ इंचांहून लांब स्ट्रोलर चालत नाही, वॅगनला, म्हणजे मुलांना बसवून ओढायच्या गाडीला, तर बंदीच आहे. आमची एका मुलाची, अरुंद आहे. तिचं खरं मोल कळतं ते ट्रामपाशी. 'मिकी अँड फ्रेंड्स' पार्किंगपासून पार्काकडे नेणाऱ्या ट्राममध्ये चढताना स्ट्रोलर मिटावीच लागते. कडेवर झोपलेलं पोर, खांद्याला पिशवी, मागे माणसं खोळंबलेली. अशा वेळी हँडलवरचं बटण दाबून एका हाताने गाडी मिटते, ही फार मोठी गोष्ट आहे. पार्कात भाड्याने स्ट्रोलर मिळते, पण ती पार्किंगपर्यंत नेता येत नाही, आणि रात्री आतषबाजीनंतर नेमकं तेच अंतर जिवावर येतं.

पाठ बरीच मागे जाते, त्यामुळे दुपारची झोप होते. काही राइडना मुलाची किमान उंची लागते: मॅटरहॉर्नला ४२ इंच, बिग थंडरला ४०, म्हणजे मुलगा दोन्हीकडे बाद. अशा राइडच्या तोंडाशी 'रायडर स्विच' मागायचं. एकाने मुलीबरोबर जायचं, दुसऱ्याने झोपलेल्या मुलापाशी थांबायचं, मग अदलाबदल. दुसऱ्याला पुन्हा अख्खी रांग लावावी लागत नाही. ही सोय माहीत नसल्यामुळे कितीतरी आईबाप राइड सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं.

आता उणिवा. छत तोकडं आहे. संध्याकाळचं तिरपं ऊन थेट तोंडावर येतं, म्हणून मी सुती ओढणी चिमट्यांनी लावते. खालच्या जाळीत डबा आणि बाटल्या मावतात, स्वेटर मावत नाहीत. ते हँडलला पिशवीत अडकवले की मूल उतरताक्षणी गाडी मागे कलंडते, तेव्हा आधी पिशवी काढायची. घरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेचं भांडं आणि गरम करावं लागणारे पदार्थ नकोत. मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम.

राइडबाहेर लावलेल्या गाड्या तिथले कर्मचारी सरकवून नीट लावतात, त्यामुळे ठेवलेल्या जागी ती सापडेलच असं नाही. हँडलला भडक रंगाची चिंधी बांधा, पाकीट-पासपोर्ट जवळ ठेवा. मूल उंच असेल तर दुकानात बसवून बघूनच घ्या. आमच्या मुलाचे पाय आत्ताच पावठ्याच्या पुढे येऊ लागलेत.