ओएचएल, यूएसएचएल की ज्युनियर ए? आणि ड्राफ्ट करणाऱ्या संघाला 'येणार नाही' म्हणावं का?

मागच्या महिन्यात मिसिसागातल्या एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. त्यांचा मुलगा पंधरा वर्षांचा, ट्रिपल-एमध्ये (वयोगटाच्या सर्वांत वरच्या पातळीवर) डिफेन्स खेळतो. पानं वाढली तरी वहिनींचं लक्ष फोनकडे. त्या दिवशी ओएचएलच्या (ओंटारियोच्या वरच्या ज्युनियर लीगच्या) एका संघाचा स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, विचारून गेला होता, "तुमच्या मुलाला निवडलं तर तो रिपोर्ट करेल ना?" ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या वार्षिक निवडीत, ज्या संघानं निवडलं त्याच्याकडेच जायचं असतं, आणि या संघाचं गाव घरापासून सात तासांवर. "विचार करून कळवतो" म्हणून वडिलांनी वेळ मारून नेली होती. "दादा, खरं काय सांगायचं?" हा प्रश्न मला अशासाठी, की आमचा मुलगा याच वाटेनं गेला आहे. वरणभात निवेपर्यंत जे बोललो, ते नीट जुळवून इथे लिहितो. टोरांटोच्या आसपास बर्फावरची हॉकी खेळणारी आपली मुलं आता बरीच झाली आहेत आणि आईबापांपुढे अजूनही पाच वर्षांपूर्वीची माहिती फिरते आहे.

ती माहिती अशी: ओएचएलमध्ये एक सामना खेळला की अमेरिकन कॉलेजचं दार कायमचं बंद. हे तेव्हा खरंच होतं. ओएचएल, पश्चिम कॅनडाची डब्ल्यूएचएल आणि क्युबेकची लीग या तिघींची मिळून सीएचएल. तिथे खेळाडूंना हातखर्चाला पैसे मिळतात आणि काही मुलांनी एनएचएलशी (सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगशी) करारही केलेले असतात, म्हणून एनसीएए (अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना) त्या लीगला व्यावसायिक मानायची. मोसमाआधीचा सराव सामनासुद्धा चालायचा नाही. संघाच्या खर्चानं शिबिराला जायचं तर अठ्ठेचाळीस तासांत बाहेर पडायचं. आमच्या मुलाला आम्ही रविवारी दुपारी असं शिबिरातून उचलून आणलं. स्केट अजून ओले, टेप न काढलेल्या स्टिक मागच्या सीटवर, आणि पार्किंगमधून गाडी निघताना तो काचेला नाक लावून रिंककडे बघत होता. संध्याकाळी त्याच्या गटातली मुलं सामना खेळणार होती. तासांचा हिशोब मी स्वतः घड्याळ लावून केला होता. आजही तो चेहरा आठवला की पोटात कालवतं.

७ नोव्हेंबर २०२४ ला एनसीएएनं हा नियम बदलला. १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलमध्ये खेळलेला मुलगा कॉलेजकडून खेळू शकतो, फक्त त्यानं प्रत्यक्ष गरजेच्या खर्चापलीकडे पैसे घेतलेले नसावेत. परिणाम लगेच दिसला. डब्ल्यूएचएलच्या मेडिसिन हॅट संघासाठी २०२४-२५ मध्ये ५६ सामन्यांत १२९ गुण करणारा गॅव्हिन मॅकेना जुलै २०२५ मध्ये पेन स्टेटला जायचं ठरवून मोकळा झाला. आपल्या ब्रॅम्पटनच्या स्टीलहेड्सचा कर्णधार पोर्टर मार्टोन एनएचएलच्या फिलाडेल्फियानं सहाव्या क्रमांकावर निवडल्यानंतर मिशिगन स्टेटला गेला.

म्हणजे सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय आता जन्माचा राहिला नाही. तरी तो सोपा झाला असं समजू नका.

खेळाच्या दृष्टीनं

ओएचएलमध्ये वीस संघ आणि नियमित मोसमात ६८ सामने. सप्टेंबर ते मार्च, मधल्या आठवड्याचे सामने, रात्रीचा बसप्रवास. अंगाला सवय लागते ती एनएचएलच्या वेळापत्रकाची. यूएसएचएल या अमेरिकन ज्युनियर लीगमध्ये ६२ सामने, बहुतेक शनिवार-रविवारच्या आसपास. तिथे कॉलेजची जागा पक्की करून थांबलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं भरपूर, त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाला बर्फावर मिनिटं मिळवणं फार कठीण जातं. शिवाय यूएसएचएलमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात आणि कॅनडाचा मुलगा तिथे परदेशी धरला जातो. ही गोष्ट आपल्याकडचे आईवडील हमखास विसरतात.

यूएसएचएलची वाट वाईट मुळीच नाही. मॅकलिन सेलेब्रिनीला डब्ल्यूएचएलमध्ये सिॲटलनं निवडलं होतं. तो तिकडे न जाता यूएसएचएलच्या शिकागो स्टीलकडे गेला, मग बॉस्टन युनिव्हर्सिटीत पहिल्याच वर्षी होबी बेकर हा कॉलेज हॉकीचा सर्वोच्च पुरस्कार घेतला आणि २०२४ मध्ये एनएचएलला पहिला निवडला गेला. पण सेलेब्रिनीनं निवड केली तेव्हा जुना नियम होता. कॉलेज हवं तर सीएचएल सोडणं भाग होतं. आज तोच मुलगा सीएचएलमध्ये दोन मोसम खेळून कॉलेजला जाऊ शकला असता. म्हणून जुन्या मोठ्या नावांची उदाहरणं देताना साल बघा.

तिसरा पर्याय घराजवळची ज्युनियर ए, आपल्याकडे ओजेएचएल. मुलगा घरी राहतो, आईच्या हातचं जेवतो, शाळा बदलत नाही. पण फी आपल्याला भरावी लागते आणि खेळाची पातळी एक पायरी खाली. मुलगा उशिरा वाढणारा असेल, सोळाव्या वर्षी अंगानं लहान असेल, तर मी हाच पर्याय आधी बघेन. ओएचएलमध्ये न खेळता वरच्या बाकावर बसून काढलेला मोसम कुणाच्याच कामाचा नसतो.

शिक्षण आणि पैसा

आपल्या घरांत खरी चर्चा इथे होते, आणि व्हायलाच हवी.

ओएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक मोसमामागे साधारण एका वर्षाची विद्यापीठाची फी आणि पुस्तकं असा हिशोब असतो. चार मोसम खेळला तर कॅनडातल्या विद्यापीठाची पदवी जवळजवळ निघते. यू स्पोर्ट्समध्ये (कॅनडाच्या विद्यापीठांच्या स्पर्धांत) खेळणारी कितीतरी मुलं याच पैशावर शिकतात. पण त्याला मुदत असते. ज्युनियर संपल्यावर किती महिन्यांत प्रवेश घ्यायचा, व्यावसायिक करार केला तर काय होतं, हे तुमच्या करारात काय लिहिलंय ते वाचा. पहिल्या फेरीच्या मुलाला मिळालेलं पॅकेज आणि दहाव्या फेरीतल्या मुलाचं पॅकेज सारखं नसतं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं तोंडी शब्दावर भरवसा ठेवला आणि नंतर हात चोळत बसले.

एनसीएएकडे जायचं तर आधीच नोंदणी करून त्यांनी ठरवलेले सोळा कोअर (मुख्य) विषय पूर्ण करावे लागतात. त्यातले दहा बारावी सुरू होण्याआधी. गुणांची सरासरी (जीपीए) किमान २.३. ओएचएलला जाणारा मुलगा नव्या गावात, नव्या शाळेत जातो आणि सामन्यांच्या सोयीसाठी त्याला सोपे विषय घ्यायला लावले जाऊ शकतात. एखादं गणित सुटलं की पुढे सगळंच अडतं. संघाच्या शिक्षण सल्लागाराला पहिल्या भेटीत विषयांची यादी दाखवा. त्याला कोअर विषय म्हणजे काय हेच माहीत नसेल, तर तुम्हाला काय समजायचं ते समजेल.

आपल्या लोकांचा जीव आयव्ही लीगवर. हार्वर्ड, कॉर्नेल, प्रिन्स्टन हॉकी खेळतात आणि चांगली खेळतात, पण तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. उत्पन्नानुसार मदत मिळते. बाकीच्या कॉलेजांत पूर्वी एका संघाला अठरा शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांत ती मर्यादा गेली आणि संघात सव्वीसच खेळाडू अशी मर्यादा आली. पैसा वाढला, खुर्च्या आकसल्या. त्यात सीएचएलची मुरलेली वीस वर्षांची मुलं आता त्याच रांगेत आली आहेत. मधल्या फळीतल्या अठरा वर्षांच्या मुलाला याचा फटका बसतो, मग तो कुठल्याही लीगमधून येवो. खेळाडूनं स्वतःच्या नावावर (जाहिराती वगैरेंतून) पैसे कमवण्याची जी चर्चा ऐकता, ती विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या कॅनडाच्या मुलासाठी बरीच अडचणीची आहे. तो आकडा हिशोबात धरू नका.

एनएचएलच्या नियमांचाही एक भाग आहे. सीएचएलमधला ड्राफ्ट झालेला मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत एक तर एनएचएलमध्ये खेळतो, नाहीतर ज्युनियरला परत येतो. एएचएल, म्हणजे एनएचएलच्या खालची व्यावसायिक लीग, त्याला बंद. सप्टेंबर २०२६ पासूनच्या नव्या करारात प्रत्येक एनएचएल संघाला एका एकोणीस वर्षांच्या खेळाडूपुरती मोकळीक मिळते. हा प्रश्न ज्यांना पडेल अशी मुलं फार थोडी, म्हणून त्यावर रात्र जागू नका.

नकार

आता स्काउटच्या प्रश्नाकडे. संघाला नाही म्हणणं हा गुन्हा नाही, त्याला जुनी परंपरा आहे. १९८९ मध्ये सू सेंट मरीच्या ग्रेहाउंड्सनी एरिक लिंड्रोसला पहिला निवडला. घरापासून लांब, शिक्षण अवघड, म्हणून त्याच्या घरच्यांनी आधीच नाही सांगितलं होतं. तो मिशिगनमध्ये खेळत राहिला. शेवटी ओशावाला त्याचे हक्क मिळाले आणि १९९० मध्ये त्यांनी मेमोरियल कप (सीएचएलचं विजेतेपद) जिंकला. ग्रेहाउंड्सचं वाटोळं झालं का? खेळाडू, निवडी आणि रोख रक्कम घेऊन त्यांनी संघ बांधला आणि १९९३ मध्ये तोच कप उचलला. २०११ मध्ये नेथन मॅकिननला क्युबेक लीगच्या बे-कोमोनं पहिला निवडलं. फ्रेंच बोलणारं, लांबचं गाव. तो अमेरिकेत खेळायला निघाला होता, तेव्हा घराजवळच्या हॅलिफॅक्सनं दोन खेळाडू आणि पहिल्या फेरीच्या निवडी मोजून त्याला आणलं. त्याच वर्षी मॅक्स डोमीनं किंग्स्टनला नकार दिला आणि ओंटारियोतल्या लंडनला गेला. मिसिसागानं २०१७ मध्ये पहिल्या फेरीत घेतलेला जॅक ह्यूज तर मिशिगनला अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास संघात गेला तो गेलाच.

या चारही नावांमागे एकच बळ होतं: जायला दुसरी खरी जागा, आणि "तुमच्याकडे आलो तर माझं कॉलेज बुडेल" हे खरं कारण. त्यातलं दुसरं आता उरलं नाही. संघ सरळ म्हणतो, ये, दोन वर्षं खेळ, मग जा कॉलेजला. पहिल्या फेरीतल्या मुलानं पाठ फिरवली तर ओएचएल संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाईची निवडही मिळते, त्यामुळे पूर्वीइतकी भीती त्यालाही नसते. आणि चौथ्या-पाचव्या फेरीतल्या मुलानं आढेवेढे घेतले तर संघ वाद घालत नाही. नाव खोडून पुढे जातो.

माझ्या मते जोर आता सोळाव्या वर्षाकडून अठराव्याकडे सरकला आहे. पूर्वी मुलगा येईल का, याची संघाला धास्ती. आता दोन मोसम घडवलेला मुलगा कॉलेजला निघून जाईल, ही धास्ती. बर्फावरची वेळ, शाळा, बिलेटचं (मुलाला ठेवून घेणाऱ्या यजमान कुटुंबाचं) घर, पॅकेज यांबद्दल मागायचं ते मागायला ही चांगली वेळ आहे. नकाराचा धाक घालण्यापेक्षा हे मागणं जास्त पदरात पाडतं.

तरी नकार द्यायचाच असेल तर ड्राफ्टआधी, स्पष्ट, फोनवर आणि स्वतःच्या तोंडानं द्या. सल्लागाराकरवी आडून नको. "यायला आवडेल" म्हणून निवडून घ्यायचं आणि ऑगस्टमध्ये फिरवायचं, हे या लहानशा जगात विसरलं जात नाही. लीगमधल्या वीस गावांची यादी करा आणि कुठे जाल, कुठे नाही, यावर घरात एकदा भांडून घ्या. मुलाला बसवून. आमच्या घरी ती यादी फ्रिजवर लावली होती. सडबरी आणि नॉर्थ बे यांच्यावर दोन वेळा काट मारली आणि दोन वेळा खोडली.

मिसिसागाच्या त्या मुलाबद्दल माझं मत मी तिथेच सांगितलं. तो अंगानं भरलेला आहे, घरापासून दूर राहण्याची त्याला भीती नाही, यूएसएचएलच्या एकाही संघानं नाव घेऊन विचारलेलं नाही. त्यानं सात तासांच्या गावाला हो म्हणावं, पण तीन गोष्टी विचारून: पहिल्या वर्षी सामन्याला किती मिनिटं अपेक्षित आहेत, बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र त्याच शाळेत आहे का, आणि पॅकेज लेखी कधी मिळेल. वहिनींनी हे वीजबिलाच्या पाकिटावर उतरवून घेतलं. खाली चौथा प्रश्न स्वतःच्या मनानं घातला: बिलेटच्या घरी आम्हाला दर महिन्याला येऊन राहता येईल का?

परवा त्यांचा फोन आला. स्काउटनं चारही प्रश्न लिहून घेतले. चौथ्याचं उत्तर त्यानं लगेच दिलं, "या की." बाकी तिन्हींची उत्तरं तो जनरल मॅनेजरला विचारून सोमवारी देणार आहे.