धातूंच्या अणूंसाठी पायएससीएफ: फुकट आहे, पण डोळे उघडे ठेवून वापरा

धातूचा सुटा अणू विद्युतक्षेत्रात किती ध्रुवित होतो, हे गणिताने काढायला पायएससीएफ हे मोफत पायथन पॅकेज उत्तम. लिनक्स-मॅकवर पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) एका ओळीत बसतं, विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतलं लिनक्स) लागतं.

पारख सोडियमवर करावी. त्याची मोजलेली ध्रुवणक्षमता 162.7 अणु-एकक, म्हणजे 24.11 घन अँगस्ट्रॉम. स्पिन 1 द्यायचा; इथे बहुगुणता (2S+1) नव्हे, एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या मागतात. मग एच-कोअरमध्ये (एकेका इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या मॅट्रिक्समध्ये) झेड दिशेचं ±0.001 एककाचं क्षेत्र मिसळून दोन्हीकडचे डायपोल मोमेंट काढायचे आणि फरकाला 0.002 ने भागायचं. उत्तर ऋण आलं तर क्षेत्राचं चिन्ह उलटं पडलंय. चारशेच्या वर गेलं तर एकक तपासा: डायपोल न सांगता डिबाय या एककात मिळतो, अणु-एककासाठी 2.5417 ने भागावा लागतो. क्षेत्र 0.01 पर्यंत ताणू नये, 0.009 च्या आसपासच सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन सुटायला लागतो.

बेसिस (ऑर्बिटल ज्यातून रचतात तो फलनांचा संच) डेफ2-टीझेडव्हीपीपीडी घ्या, तो ध्रुवणक्षमतेसाठीच घडवलाय. 6-31जी नको, पसरट 3एस इलेक्ट्रॉनला तो आखूड पडतो.

तरीही हार्ट्री-फॉक (प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांचं फक्त सरासरी क्षेत्र दाखवणारी पद्धत) सुमारे 190 वरच अडतं. म्हणून सीसीएसडी(टी), म्हणजे इलेक्ट्रॉनांचा एकमेकांशी सहसंबंधही धरणारी पद्धत, आणि खरी गोम इथेच आहे. सवयीने गाभा (आतले इलेक्ट्रॉन) गोठवलात, म्हणजे सहसंबंधातून वगळलात, तर उरतो एकच इलेक्ट्रॉन. त्याचा सहसंबंध कोणाशी? उत्तर पुन्हा हार्ट्री-फॉकचंच येतं, वेळ मात्र जातो. गाभा मोकळा ठेवा, आणि मग बेसिसही गाभ्याच्या सहसंबंधासाठी बनवलेला हवा, ऑग-सीसी-पीडब्ल्यूसीव्हीटीझेडसारखा. इथे डायपोलऐवजी ऊर्जेचा दुसरा फरक घेणं सोपं. 0.001 क्षेत्राने ऊर्जा जेमतेम 0.00008 हार्ट्रीने (ऊर्जेचं अणु-एकक) उतरते. सीसीएसडीची मूळ सहनमर्यादा (ऊर्जेतला फरक एवढा उरला की गणित थांबतं) 10⁻⁷ आहे, ती 10⁻¹⁰ करा, नाहीतर दशांशातला आकडा भरवशाचा राहत नाही.

लोखंडाला स्पिन 4 द्या. एससीएफ (हार्ट्री-फॉक सोडवायची आवर्तनं) हमखास अडखळतं, न्यूटन सॉल्व्हर लावावा. शिवाय त्याची मूळ अवस्था गोलसममित नाही, तेव्हा तिन्ही दिशांची सरासरी घ्यायची आणि दर वेळी इलेक्ट्रॉन त्याच ऑर्बिटलांत बसलेत ना, हे बघायचं. सोन्यासाठी बेसिसबरोबर ईसीपी (आतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागी वापरायचं विभव) वेगळा लिहावा लागतो. विसरलात तर 19 इलेक्ट्रॉनांसाठी रचलेल्या बेसिसमध्ये 79 कोंबले जातात.