पेंटॅक्स के१००० : दोन सेमिस्टर वर्गात वापरल्यावर

सबमिशनच्या आठवड्यात आमच्या आठपैकी पाच कॅमेऱ्यांचे मीटर (उजेड मोजून सुईने दाखवणारी सोय) बंद पडले, म्हणून हे लिहायला बसले आहे. के१००० हा पेंटॅक्सचा फिल्मवर चालणारा कॅमेरा. १९७६ ते १९९७ या काळात निघालेला, सगळं हाताने लावायचा कॅमेरा. मी विद्यापीठात पहिल्या वर्षाला ब्लॅक अँड व्हाइट फोटोग्राफी शिकवते आणि विद्यार्थिनी असताना शिकले तेही याच मॉडेलवर. जिव्हाळा आहेच, पण आधी राग सांगते.

या कॅमेऱ्याच्या मीटरला बंद करायचा खटकाच नाही. आत उजेड ओळखणारा कॅडमियम सल्फाइडचा सेल आहे, बॅटरीचा बटन सेल वेगळा. त्याच्यावर उजेड पडला की वीज वाहते, अंधार झाला की वाहणं जवळपास थांबतं. म्हणजे लेन्सवरचं झाकण हाच खटका. हे झाकण ४९ मिलिमीटरचं, चिमटीत मावणारं, आणि अठरा वर्षांच्या मुलांच्या हातात ते टिकत नाही. कॅन्टीनमध्ये राहतं, बसमध्ये राहतं, पर्वतीच्या पायऱ्यांवर राहतं. मग कॅमेरा शनिवार-रविवार खिडकीपाशी टेबलावर उघडा पडतो आणि सोमवारी ऐकायला मिळतं, "मॅडम, सुई हलतच नाहीये."

याच कंपनीच्या १९६४च्या स्पॉटमॅटिकला मीटरचा खटका होता. निकॉनच्या एफएम२मध्ये फिल्म ओढायचा लिव्हर आत दाबला की मीटर बंद. म्हणजे ही गोष्ट करता येत होती. स्वस्त कॅमेरा काढायचा म्हणून सेल्फ टायमर गाळला, डेप्थ ऑफ फील्ड (किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट येईल) बघायची सोय गाळली, ते मला चालतं. विद्यार्थ्याला त्यावाचून अडत नाही. पण ज्याच्यामुळे दर महिन्याला बटन सेल विकत आणावे लागतात, तिथे केलेली काटकसर वापरणाऱ्याच्या खिशातून वसूल होते. त्यात एलआर४४ अल्कलाइन घ्यावा तर त्याचं व्होल्टेज हळूहळू उतरत जातं आणि मीटरवर भरवसा राहत नाही. एसआर४४ सिल्व्हर ऑक्साइड शेवटपर्यंत सरळ चालतो, पण महाग पडतो. विभागाच्या किरकोळ खर्चाच्या वहीत मी बटन सेल एवढ्या वेळा लिहिले की अकाउंट्समधून विचारणा झाली.

पहिल्या सेमिस्टरच्या मध्यापर्यंत माझं मत एवढंच होतं : कॅमेरा दणकट आहे, पण वर्गासाठी घेऊ नये.

मग ते पाच मीटर बंद पडले. नवे सेल यायला वेळ होता आणि मुलांचे रोल अर्धे बाकी होते. शटर पूर्ण यांत्रिक आहे, बटन सेल नसला तरी १ सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंतचे सगळे शटर स्पीड चालतात. म्हणून मुलांना सांगितलं, सुई विसरा आणि उजेड बघा. ४०० आयएसओची (उजेडाला बऱ्यापैकी संवेदनशील) फिल्म, ऑक्टोबरचं रखरखीत ऊन, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ१६ आणि शटर १/५००, इथून मोजायला लागा. सावलीत किती स्टॉप उघडायचे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), मंडईच्या छपराखाली किती, हे आधी वहीत लिहायचं आणि मगच बटण दाबायचं. या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये शटर स्पीड दिसत नाही, अ‍ॅपर्चरही दिसत नाही. तोपर्यंत मी हा दोष समजत होते. पण त्यामुळेच प्रत्येक आकडा डोळ्यापासून कॅमेरा काढून हाताने लावावा लागतो आणि तो डोक्यात राहतो.

निगेटिव्ह धुऊन निघाल्या तेव्हा मी चकित झाले. बंद मीटरवाल्या मुलांच्या कॉन्टॅक्ट शीट (सगळ्या रोलच्या छोट्या प्रिंट्सचा एकच कागद) जास्त एकसारख्या होत्या. चालू मीटरवाली मुलं सुई मध्यावर आणण्याच्या मागे लागली होती. मीटरला समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं वाटतं. त्यामुळे चुना दिलेल्या भिंतीपुढे बसलेल्या आजोबांचा चेहरा काळवंडून आला होता. एचपी५ ही फिल्म एखाद-दोन स्टॉप जास्त उजेड सहज पोटात घालते, कमी उजेडाला मात्र माफ करत नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, या वर्षी मुलांनी ते डार्करूममध्ये स्वतःच्या निगेटिव्हवर पाहिलं. आता सुरुवातीचे काही आठवडे मी सेल घालूच देत नाही. मत बदललं ते इथे. खटका हवा होता हे मात्र आजही ठामपणे म्हणते. त्याच्याऐवजी आम्ही काळ्या जाड कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या. कॅमेरा परत आला की पिशवीत, मग झाकण असो वा नसो.

दुरुस्तीचा अनुभव वाईट आहे. एका कॅमेऱ्याचं १/१००० बिघडलं होतं, फ्रेमच्या एका कडेला काळा पट्टा येत होता. कापडी पडदे आडवे धावतात, आतलं वंगण सुकलं की दोन पडद्यांचा मेळ चुकतो. विभागाच्या नियमाप्रमाणे तीन कोटेशन्स घेऊन एका दुकानात दिला. 'फुल सर्व्हिस'चं बिल लावून परत आला, रोल टाकून बघितला तर पट्टा तसाच. दुकानातले काका म्हणाले, "मॅडम, एवढ्या जुन्या वस्तूत एवढं चालायचंच." पैसे पूर्ण कामाचे घेतल्यावर हे उत्तर मला मान्य नाही आणि मी ते तोंडावर सांगितलं. कॅमेरा पुन्हा ठेवून घेतला, महिनाभराने तसाच परत मिळाला. त्याच्यावर आता '१०००वर वापरू नये' अशी चिठ्ठी आहे. ४०० फिल्मला ५०० पुरतं, म्हणून काम अडलेलं नाही, पण विद्यापीठाचे पैसे गेले ते गेलेच.

उजेड गळू नये म्हणून मागच्या दाराला लावलेला फोम मात्र दुकानात देऊ नका. जुना फोम चिकट डांबरासारखा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाच पुसायची आणि काळी लोकर दाबून बसवायची. सहावर केलं आहे, एकातूनही उजेड गळत नाही.

विद्यार्थ्यांनी सेकंडहँड घेताना फिल्म न घालता मागचं दार उघडावं, कॅमेरा उजळ खिडकीकडे धरून १/१०००वर शटर मारून बघावं. पूर्ण चौकट उजळ दिसली पाहिजे, एक कड अंधारी दिसली तर परत द्यावा. १ सेकंद आणि १/२ फोनच्या स्लो मोशनवर तपासावेत. सुई मेलेली असेल तर किंमत पाडून मागा आणि खुशाल घ्या.