बी.ए.चा वर्ग आणि एम.ए.चा वर्ग

बेळगावात मी दोन्ही वर्गांना मराठी शिकवते. बी.ए.ला साठ-सत्तर मुलं असतात. खानापूरची एसटी उशिरा आली की मागचे दोन बाक रिकामे. शाळा कुणाची मराठी, कुणाची कन्नड, कुणाची इंग्रजी. तिथं पहिलं काम म्हणजे विषयाची गोडी लावणं.

एकदा फळ्यावर ‘तूप’ लिहिलं, शेजारी कन्नड ‘तुप्प’. वर्ग खुलला. ‘अक्का’, ‘अण्णा’, ‘अडकित्ता’ अशी शब्दांची रांगच लागली. बी.ए.ला एवढं पुरतं; घरातली भाषा अभ्यासाची असते, हे त्यांना उमगलं.

हेच ‘तूप’ एम.ए.च्या बारा जणांपुढे ठेवलं, तर निपाणीची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, कुणी कुणाकडून घेतला हे ठरवायचं कसं?” प्राकृतातही ‘तुप्प’ आहे. मग कोश उघडले आणि तास संपला तरी कुणी उठेना. इथं उत्तर सांगण्यापेक्षा पुरावा तपासायला शिकवावं लागतं, आणि त्यासाठी माझी तयारी दुप्पट लागते.

पेपर तपासण्याचंही तसंच. बी.ए.ला शुद्धलेखन, परिच्छेद, एम.ए.ला युक्तिवाद.

 

नव्या प्राध्यापकांना बहुधा एम.ए.चेच तास हवे असतात. माझ्या मते अनुभवी शिक्षकानं बी.ए.चं पहिलं वर्ष सोडू नये. एम.ए.ला आलेलं पोर आधीच मराठीचं झालेलं असतं, बी.ए.चं अजून कुंपणावर असतं.