गच्चीवरच्या दुर्बिणीसाठी: फिरतं स्टूल की खाचांची खुर्ची?

आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे हातानं ढकलून फिरवायची दुर्बीण, घरी आली की पहिला महिना उभ्यानं नाहीतर कंबरेत वाकून जातो. मग कळतं की बसायला काहीतरी हवं, आणि ते एकाच उंचीचं असून भागत नाही. माझ्या दुर्बिणीचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, डोक्यावरचा तारा पाहताना जमिनीपासून चार फुटांवर असतो. दक्षिणेला खाली दिसणाऱ्या अगस्त्य ताऱ्याकडे वळवली की तो सव्वा फूट तरी खाली येतो. म्हणून प्लास्टिकचं स्टूल बाद. उरतात दोन: दवाखान्यात असतं तसं स्क्रूचं फिरतं स्टूल, आणि सुताराकडून करून घेतलेली खाचांची खुर्ची. मी आधी दोन हिवाळे स्टुलावर काढले, मग खुर्ची केली.

स्टूल स्वस्त, हलकं, दुकानातून उचलून आणता येतं. लहान मुलांना बसवायचं असेल तर भराभर फिरवून वर घेता येतं. बैठक लोखंडी असेल तर जानेवारीत अंगात गारवा शिरतो, पण घडी केलेली सतरंजी टाकली की ते निभतं. माझी अडचण वेगळीच होती.

नागपूरचा अक्षांश 21 अंश. त्यामुळे इथल्या हिवाळ्यातल्या कितीतरी चांगल्या गोष्टी थेट माथ्यावरून जातात. कृत्तिका तशीच जाते. 2026 च्या जानेवारीत मिथुनेतला गुरूही तसाच गेला. माथ्यावरची हवा सर्वांत स्वच्छ, म्हणून पाहायचं तेव्हाच. पण नेमकी तिथेच डॉब्सोनियन आडवी फिरवायला जड जाते. नळी उभी झालेली असते, ढकलायला तरफ मिळत नाही, जोर लावावा लागतो. आकाशाबरोबर दुर्बीण आपोआप फिरवणारी मोटर नसल्यामुळे 6 मिमीच्या साध्या आयपीसमधून, म्हणजे 200 पटींवर, गुरू साधारण मिनिटभरात दृश्यक्षेत्र ओलांडून जातो. म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला एक धक्का. आता तुम्ही फिरत्या स्टुलावर आहात. नळी डावीकडे ढकलली की स्टूल तुम्हाला उजवीकडे नेतं. डोळा आयपीसवरून सरकतो, सावरायला हात नळीवर टेकतो आणि गुरू गेलेला असतो. पाय घट्ट रोवून बसलं तर मांड्या भरून येतात आणि तो ताण थेट डोळ्यापर्यंत जाणवतो. दोन हिवाळे मी हे माझंच कसब कमी आहे असं समजत होतो.

खुर्चीत हे होत नाही, कारण तिला फिरायला जागाच नाही. रचना सोपी आहे: बिजागरीनं जोडलेल्या दोन चौकटी, पुढच्या तिरक्या चौकटीला दर दोन इंचांवर खाच, आणि त्यात अडकणारी फळी. बसलं की आपल्याच वजनानं फळी घट्ट धरते. उंची बदलायला उठावं लागतं हे खरं, पण अंधारात बोटानं खाचा मोजता येतात. माथ्यासाठी माझी खालून सहावी. सुताराला एवढंच सांगा की फळीची पुढची कड गोल घासून दे, नाहीतर तासाभरात पाय मुंग्या धरतात.

फरक मी मोजलेला नाही. पण मृगाच्या तेजोमेघातल्या चार ताऱ्यांच्या चौकडीजवळचा मिणमिणता पाचवा तारा मला पहिल्यांदा या खुर्चीतच दिसला. दुर्बीण तीच, गच्ची तीच, शेजारच्या मंगल कार्यालयाचे दिवेही तेच. त्या रात्री हवा जास्त स्थिर असेल, नाही म्हणत नाही. तरी वीस मिनिटं न हलता बसता आलं नसतं तर तो दिसला नसता असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडे मोटरवर चालणारी दुर्बीण असेल तर स्टूल घ्या, खुशाल घ्या. ढकलायचंच नसेल तर माझी तक्रार उरतच नाही. उन्हाळ्यात तर मी गच्चीवर दुर्बीणच क्वचित लावतो. मे महिन्यात तापलेला स्लॅब उशिरापर्यंत वाफा सोडतो, गुरू काय नि चंद्र काय, सगळं थरथरतं. जागा हा खुर्चीचा खरा तोटा. मागच्या सीटवर नळी आडवी ठेवली की खुर्चीला गाडीत जागा उरत नाही. पेंचला, जिथे 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (दिव्यांच्या उजेडापासून जपलेलं काळोखं आकाश) झालं, तिकडे जाताना मी स्टूलच घेतो. तिथे 40-50 पटींवर आकाशगंगेतले तारकागुच्छ पाहायचे असतात, धक्के कमी लागतात, आणि स्टूल फिरलंच तर पाठीमागेही आकाश तेवढंच भरलेलं असतं.