बीएमएक्सच्या मागच्या हबाला उद्यमनगरातलं बेअरिंग

बीएमएक्सच्या (उड्या मारायच्या २० इंची सायकलीच्या) मागच्या हबाला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, बेअरिंग घ्यायचं तर सायकलवाल्याकडं जाऊच नका, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं बेअरिंगचं दुकान गाठा. मी यंदा पावसाळा संपल्यावर तेच केलं आणि दोन तक्रारी सोडल्या तर खूश आहे.

माझ्या हबाच्या शेलमध्ये (बाहेरच्या कवचात) ६९०२ नंबरची दोन बेअरिंगं बसतात. आतला व्यास १५, बाहेरचा २८, जाडी ७ मिलिमीटर. हबासोबत आलेली बिननावाची होती. त्यांचं सील इतकं ढिलं की पन्हाळ्याच्या बाजूची तांबडी माती आत जाऊन ग्रीसचा पार लगदा झालेला. शिवाय उडी मारून दणकन उतरलं की छर्ऱ्यांचे ठसे रेसवर, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या कड्यांवर, पडतात. ॲक्सल बोटात धरून हळू फिरवला की जे कट-कट लागतं ना, ते तेच. असलं बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरून सुधारत नाही, ते टाकायचंच.

काउंटरवरच्या काकांचा पहिला प्रश्न, "आरपीएम किती?"

म्हटलं, "सायकलचं हाय, काका."

हसले, पण टोलवलं नाही. प्रश्न मात्र भारी होता. २० इंची चाक ताशी २५ किलोमीटरला मिनिटाला तीनशेच्या आतच फिरतं आणि हे बेअरिंग मिनिटाला दहा हजारांच्या वर फेऱ्या झेलतं. मग ऑनलाइन 'अबेक-७' छापून रंगीत सील लावून विकतात, त्याला जादा पैसे कशाला? अबेकचा आकडा मापाची अचूकता सांगतो. चिखल, पाणी आणि दणका यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. सिरॅमिक छर्ऱ्यांची हौस असेल तर खुशाल करा, पण रस्त्यावरच्या सायकलीला मला ती उधळपट्टी वाटते.

बघायचं ते सील. झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं, पाणी आत जाणारच. टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबर. एनएसके कंपनीचं घेतलं तर डीडीयू आणि एनटीएनचं घेतलं तर एलएलयू मागा, ती आतल्या रेसला घासून बसणारी सीलं. एसकेएफ मात्र ६९०२ लाच ६१९०२ म्हणते, तेव्हा पेटीवरचा नंबर बघून परत फिरू नका. मी तेच घेतलं.

काकांनी आधी सी-३, म्हणजे आत जादा मोकळीक असलेलं, पुढं ठेवलं. मोटरवाले तेच नेतात, कारण तापून धातू फुगला की आत मोकळीक लागते. हब कुठं तापतोय? साध्या क्लिअरन्सचं मागितलं, तर कुरकुर न करता वरच्या फळीवरनं काढून दिलं. दोन्ही मिळून हजाराच्या आत, तेही पक्क्या बिलावर.

बसवायचं काम मागच्या गल्लीतल्या लेथवाल्या मामांचं. आधी एका सायकल दुकानात पोरानं हातोडी उचललेली बघून मी हब उचलून बाहेर पडलो होतो. मामांनी नायलॉनचा तुकडा २८ ला थोडा कमी टर्न केला, मधनं पोकळ, म्हणजे दाब फक्त बाहेरच्या रेसवर. आतल्या रेसवर दाबलं तर सगळा जोर छर्ऱ्यांतून जातो आणि नवं बेअरिंग बसतानाच खराब होतं. आर्बर प्रेसवर (हातानं दाबायच्या प्रेसवर) एका सरळ दाबात दोन्ही आत गेली. मी कंपनीत क्यूसीला (माल तपासायला) आहे, सहसा कुणाचं कौतुक करत नाही, पण हे काम पास. पैसे टर्निंगचे घेतले, प्रेसचे नाहीत.

घरी जोडताना कोन नट, म्हणजे ॲक्सलवर बेअरिंगला टेकणारा नट, हळूच लावा. तो आवळून चाकाचा खेळ काढायला गेलात तर बेअरिंगवर आडवा ताण बसतो आणि ही जात आडव्या ताणाला फार काळ टिकत नाही.

आता तक्रारी. घासणाऱ्या सीलमुळं चाक हातानं फिरवून सोडलं की पूर्वीपेक्षा लवकर थांबतं. आमच्या टोळीत त्यावरनं चेष्टा झाली. चालवताना फरक शून्य. दुसरी दुकानाची. ड्रायव्हरमधलं (हबावरच्या चेनच्या दातेरी चक्रातलं) ६८०२ (१५, २४, ५) त्यांच्याकडं नव्हतं. पातळ साइझला गिऱ्हाईक कमी, ते समजतं, पण मागवल्यापासून विचारलं की "उद्या येतंय" एवढंच. तोवर ड्रायव्हर जुन्यावरच चाललाय. त्यातल्या पॉलना (पायडल मारताना अडकणाऱ्या खिट्ट्यांना) पातळ तेल दिलंय, कारण घट्ट ग्रीसनं ते चिकटतात आणि जोरात पायडल मारताना घसरतात.